अँटेना काढलेला कोअर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ताई, माझी मामेबहीण, थापा मारणाऱ्यातली नाही. आणि हे भर दुपारी घडलंय, तिच्या प्रयोगशाळेतल्या पत्र्याने मढवलेल्या खोलीत. तिथे बाहेरचा कुठलाच सिग्नल शिरत नाही. फोनसुद्धा मुका होतो.

आत मेंदूसारखा चालणारा कॉम्प्युटर. एका बोर्डवर पुष्कळ कोअर, म्हणजे छोटे छोटे प्रोसेसर. मध्ये तारा नाहीत. प्रत्येकाला इवलीशी अँटेना, तिच्यावरून ते एकमेकांना इशारे देतात. ताईने बोर्डला स्पीकर जोडलेला. इशारा गेला की... टक.

कोपऱ्यातला एक कोअर उगाच बडबडायचा. त्या दिवशी आल्या आल्या ताईने वैतागून त्याची अँटेना काढून टाकली.

सकाळपासूनच तिचं डोकं फिरलेलं होतं.

मामांची वाचा गेली होती, अर्धांगवायूने. हाक मारायची तर ते चमच्याने पलंगाची दांडी वाजवायचे. दोनदा, मग थांबून एकदा. घरून ताईची मीटिंग चालू होती. "बाबा, पुरे हो आता!" म्हणत तिने चमचा त्यांच्या हातातून ओढून घेतला.

मामा नुसते बघत राहिले.

दुपारी स्पीकर अचानक गप्प झाला. सगळे कोअर थांबले.

मग...

टक टक.

टक.

ताईने स्क्रीन पाहिली. इशारा त्याच कोअरमधून येत होता... अँटेना काढलेल्या.

टक टक... टक.



"काय गं, काय वाजतंय?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं.

'बाबा' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण मग सकाळचंही सांगावं लागलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काही नाही रे, कचरा सिग्नल," ती म्हणाली. आणि तिने आवाज बंद केला.

संध्याकाळी बाहेर आली तर मामीचे मिस्ड कॉल. मामा गेले होते.

"मी स्वयंपाकघरात होते गं," मामी रडत होती. "मला काही ऐकूच आलं नाही. बघते तर हात तसाच दांडीवर..."

तो कोअर नंतर तपासला. साफ मेलेला निघाला. त्यातून इशारा येणं शक्यच नाही, असं सगळे म्हणतात.

दहाव्याला आलेले लोक ताईची समजूत काढत होते, "तू तिकडे कामावर, तुला कुठून कळणार?"

मला मात्र तिने सांगितलं. एकदाच, मान खाली घालून.

"सगळे म्हणतात, त्यांची हाक कुणाला ऐकूच गेली नाही. मला गेली होती रे."