कानातला नकार

आमच्या सिराकुझा गावात बघायला काय काय आहे, ते मी आता झोपेतसुद्धा सांगेन. बदकांचा झरा, ग्रीकांचं नाट्यगृह, जुन्या देवळाच्या खांबांत बांधलेलं चर्च आणि कान, म्हणजे खडकातली ती उंच, वाकडी गुहा. मे महिन्यात आमच्या शाळेची मुलं पाहुण्यांना गाव दाखवतात. गेल्या वर्षी माझ्या वाटचं सगळं माझी मैत्रीण इलेनिया बोलली. मी नुसती फलक धरून उभी. ऑगस्टमध्ये तिच्या बाबांना दूर उत्तरेला तोरिनोत नोकरी लागली आणि ती गेली. मग काय करणार, यंदा मीच बोलायला लागले. आणि बोलायला मला भयंकर आवडतं, हे तेव्हा कळलं. फक्त ऐकायला घरी कुणी नसतं. आई दुपारी हॉटेलात कामाला, संध्याकाळीही हॉटेलातच.

त्या दिवशी पहिल्यांदाच अख्खा गट माझ्या एकटीकडे होता.

"वेनेरा, मी बाहेर संत्र्याच्या झाडाखाली बसते," कन्नाता मॅडम म्हणाल्या. "अडलीस तर हाक मार."

"मी कशाला अडतेय, मॅडम?"

"वाचा फुटली पोरीला. आता आवरायची कुणी?"

गुहेत गार होतं, कबुतरांचा उग्र वास होता. वरच्या भोकाला कान लावून राजा कैद्यांची कुजबुज ऐकायचा म्हणतात, हे मी झोकात सांगितलं.

"भिंतीला हात लावू का?" एका डच आजोबांनी विचारलं.

मी हनुवटी वर केली आणि जिभेनं 'च्क' केलं. आजोबा 'थँक्यू' म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात लावले. पाहुण्यांचं हे असंच. आमचं 'नाही' त्यांना 'हो' वाटतं.

मी टाळी वाजवली, टाळी परत आली. कागद फाडला, तर अख्खी गुहा फाटल्यासारखी वाटली. मग मी ओरडले, "माझ्यापेक्षा बडबडं कुणी आहे का आत?"

प्रश्न घुमत परत आला. त्याच्या मागून, अगदी आतून, आलं 'च्क'.

सगळे हसले.

"शेवटचं कसं केलंस?" आजोबांनी विचारलं.

मीही हसले. माझी जीभ हललीच नव्हती.

गटाला मॅडमकडे पाठवून मी मागे राहिले. भीती वाटायला हवी होती. पण कुणीतरी उत्तर दिलं होतं. इलेनिया हल्ली फोनवर तेवढंही देत नाही.

"इलेनिया?"

च्क.

"मग मी एकटीच आहे इथे?"

च्क. या वेळी जवळून.

मानेला गारवा लागला. "बरं, येते मी," मी म्हणाले. थांबले. माझे शब्द परत आले नाहीत.

"जाऊ ना?"

ओठ हलले. मलाच ऐकू आलं नाही.

च्क. ओलसर, कानाशी.

"वेनेरा," बाहेरून मॅडमची हाक आली, "आत कुणी राहिलं का गं?"

मी तोंड उघडलं.

"कुणी नाही, मॅडम." गुहेच्या तोंडाशी, उजेडातून, माझा आवाज म्हणाला.

"काय मोकळी बोललीस आज. चल, आरांचिनो खाऊ घालते."

"मी दोन खाणार," ती म्हणाली, आणि अगदी माझ्यासारखीच नाकातून हसली.

मग खडीवरून दोघींची पावलं दूर गेली.