सपाट गाव

"यंदा सपाट गाव बघ केतू," मंदार खुर्चीत बसता बसता म्हणाला. "चढ नको बाप्पा. गुडघे बोलून राहिले आता."

केतकी हसली. वर्षभर ती दादाशी अशीच हसत आली होती. आईचं तेरावं त्याच्याच घरी झालं, तेव्हा पंगतीत वाढायलाही तीच होती. ओठांत एक आणि पोटात एक कसं ठेवायचं हे तिला या वर्षात चांगलंच जमलं होतं. आज मात्र ‘सपाट’ हा शब्द ऐकला आणि पोटातलं ओठांपर्यंत आलं. तिने ते कष्टाने गिळलं.

नागपुरात आता मार्च संपला की ज्यांना परवडतं ती घरं उन्हाळी मुक्कामाला युरोपात जात. मुलांची शाळा पडद्यावर, मोठ्यांचं कामही पडद्यावर; थंड मुलखात न्यायची ती फक्त अंगं. पण चार महिने राहायचं तर गाव मानवायला हवं, आणि ते फोटो बघून कळत नाही. म्हणून चाखणी निघाली. तिथे राहून आलेल्या माणसाच्या मनगटावरची पट्टी त्याच्या नाडीचे, घामाचे, श्वासाचे आणि मज्जातंतूंतल्या संदेशांचे ठसे टिपून ठेवते. ती अंगनोंद खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगात उतरवली, की तिथली दुपार आपणच भोगल्यासारखी वाटते. धरमपेठेतलं असं एक चाखणीकेंद्र केतकी चालवत होती.

बाहेरच्या खोलीत श्वेतावहिनी आणि दोन्ही मुलं बसली होती. मुलांना समुद्र हवा होता, वहिनीला मेथी-कोथिंबीर मिळेल असा बाजार हवा होता. पोर्तुगालचा किनारा, स्लोव्हेनियातलं तळ्याकाठचं गाव की डेन्मार्कचं एखादं बेट, यावर घरात महिनाभर खल चालला होता. पण पांढरीपांड्यांच्या घरात हंगामाचा पहिला आंबासुद्धा कर्त्याने चाखल्याशिवाय कुणाच्या ताटात पडत नसे. त्यामुळे गावही मंदारच चाखणार होता.

गेल्या वर्षीही त्यानेच चाखलं होतं. नॉर्वेतल्या एका खाडीवरचं उभ्या चढणीचं गाव, आणि अंगनोंद कुणाची, तर एका तिशीतल्या पोहणाऱ्याची. खुर्चीतून उठला तो वीस वर्षांनी लहान होऊनच. घर ठरलं, तिकिटं झाली, आणि मग लक्षात आलं की ते घर कड्यावर आहे आणि आईला स्वतःच्या घरचा जिनाही झेपत नाही. गाव बदलता आलं असतं. मंदारने गाव कायम ठेवलं आणि आईला मागे ठेवलं.

केतकी तेव्हा पोर्तुगालात अंगनोंदी गोळा करत हिंडत होती. म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी कुणीच घेत नाही, म्हणून निघण्याआधी तिने आईच्या मनगटावर एक पट्टी बांधली होती. "तिकडची गार हवा माझ्यासाठी घेऊन ये," असं ती आईला म्हणाली होती. आई सगळ्यांबरोबर नॉर्वेला गेली, असं मंदारने तिला कळवलं. फोनवर आईही तेच सांगायची. "मस्त गार आहे गं इथं," म्हणायची. मनगट फार तापलं तर केतकीच्या फोनवर धोक्याचा इशारा यायची सोय पट्टीत होती, आणि तो इशारा कधीच आला नाही. मे महिन्यात एका दुपारी नागपुरातली वीज गेली, कूलर थांबला आणि आई गेली. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा केतकीला कळलं की आई नागपुरातच होती.

पट्टी हाती आल्यावर तिने त्या दुपारचा आलेख काढला. नाडी उधळलेली, श्वास तुटलेला आणि मनगट मात्र थंडगार. पट्टी बिघडली असणार, असं तिने धरलं. ती नोंद स्वतःच्या अंगात उतरवून घ्यायचं धाडस तिला झालं नाही. तिने ती दादासाठी राखून ठेवली.

"डोळे मिट," ती आता म्हणाली.

"कुठलं लावलं?"

"सपाट आहे. अगदी आपल्यासारखं."

खुर्चीला एक अडसर असतो. बसलेल्याचं हृदय धोक्याच्या पलीकडे धावू लागलं की नोंद आपोआप थांबते. केतकीने तो सकाळीच काढून ठेवला होता. मेला तर मेला, असं ती मनाशी स्पष्ट शब्दांत म्हणाली होती.

तिने कळ दाबली. मंदारच्या चेहऱ्यावर आधी कौतुक होतं, मग आठी आली. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. "गरम होऊन राहिलं केतू. चुकीचं लागलं काय?"

"बरोबर लागलं आहे."

त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ निघाले. जीभ ओठांवरून फिरू लागली. ज्या गुडघ्यांची तो तक्रार करत होता, त्यांच्या जागी आता आईचे गुडघे आले होते, आणि ते सांभाळत त्याने पाय पोटाशी ओढले. केतकी बघत राहिली. तिला आनंद होत होता आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

"पाणी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "केतू, पाणी दे."

पाण्याचा पेला तिच्या हाताशीच होता. तिने तो उचलला आणि स्वतः प्यायली.

मग एक वेगळीच गोष्ट घडली. त्याचा डावा हात उठला, उलटा झाला आणि मनगट खुर्चीच्या कडेला टेकवून तसाच राहिला. सगळं अंग तडफडत होतं, पण तो हात हलेना. बोटं गारठल्यासारखी आकसली होती.

"ओलं आहे," तो पुटपुटला. "खरबरीत आहे. ताटी आहे ही. वाळ्याची ताटी." आणि मग, अगदी लहान आवाजात, "आई."

"हो. आईच आहे," केतकी म्हणाली. "तिचं मनगट थंड का आहे दादा?"

त्याने डोळे उघडले. उठायची ताकद त्याच्यात नव्हती.

"मीच सांगितलं होतं तिला. मनगट तापलं की तुला कळेल, तू भांडायला येशील. म्हणून म्हटलं, हात कूलरच्या ओल्या ताटीला लावून ठेवत जा. आठवड्याची तर गोष्ट आहे, कड्याखाली घर मिळालं की तिकीट पाठवतो." त्याला धाप लागली. "वीज गेल्यावरही ती ताटी ओली करून राहिली केतू. प्यायचं पाणी तिच्यावर मारून राहिली. मला घशात कळून राहिलं आहे."

म्हणजे पट्टी बिघडली नव्हती. मुलाने खोटं शिकवलं आणि आईने ते शेवटच्या घोटापर्यंत पाळलं, लेकरांत भांडण नको म्हणून. इतके दिवस केतकीच्या रागाला धार होती असं तिला वाटत होतं. खरी धार आत्ता चढली.

पडद्यावर मंदारची नाडी लाल झाली होती. "बंद करू नको," तो म्हणाला. "शेवटपर्यंत लाव. मला जाऊ दे तिच्याबरोबर."

सकाळी तिला नेमकं हेच हवं होतं. तिने आलेखाच्या शेवटच्या टोकाकडे पाहिलं. तिथे श्वास संथ झाला होता. नाडी जणू कुणी समजूत काढल्यासारखी निवत गेली होती.

तिने कळ बंद केली आणि अडसर परत जागेवर बसवला.

"शेवटी आईला हलकं वाटलं दादा. आलेखात दिसतं ते," ती म्हणाली. "तेवढं तुला नाही मिळणार."

दार उघडून वहिनी आत आली. मागून मुलंही आली. "ठरलं का गाव?" वहिनीने विचारलं आणि नवऱ्याचा ओला शर्ट पाहून ती थबकली. "हे काय झालं?"

"गाव छान सपाट आहे वहिनी," केतकी म्हणाली. "आता फक्त यंदा घरी कोणाला ठेवून जायचं, तेवढं ठरवा."

मंदारचं मनगट अजून खुर्चीच्या कडेला टेकलेलंच होतं. "मी राहतो," तो म्हणाला. "तुम्ही तिघं जा."

केतकीने खणातून आईची पट्टी काढली. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, पट्टी मनगटाभोवती गुंडाळली आणि घट्ट ओढली. त्याने हात मागे घेतला नाही.

"धोक्याचा इशारा कुणाच्या फोनवर पाठवायचा दादा?" तिने विचारलं.