नकाशातून कापलेली बाही

कात्री चालवताना तो कागद कुणाच्या कामाचा असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मोठा, जाडसर, मागून कोरा... बाहीचा साचा कापायला असा कागद एरवी मिळतो कुठे? तिच्या शिवणाच्या दुकानाच्या बाकावर कुणीतरी विसरून गेलेला.

दुपारी दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला, घामाघूम.

"इथं एक नकाशा राहिला का हो? या वस्तीचा?"

तिनं टेबलाकडे पाहिलं. "राहिला होता. आता... बाही आहे."

तो असा खळखळून हसला, की आतून आई काठी टेकत बाहेर आली. "चहा घेणार का? साखर किती?"

"कितीही चालेल, मावशी."

तो पालिकेत नगररचनेच्या कामावर होता. नकाशा जोडून द्यायला ती मशीनवर बसली, तुकडे जुळवले, आणि तिचा हात थांबला. दुकानामागचा बोळ नकाशात नव्हताच.

"तिथं वाहनतळ होतोय," तो म्हणाला. "भिंत येईल."

तिचं हसू मावळलं. त्याच बोळानं आई गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जायची. मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा म्हणजे पाऊण तास. आईला ते जमणारच नव्हतं.

"कुणाला विचारून?"

"लोकांनाच. तीन सभा घेतल्या."

"किती वाजता?"

"सकाळी... अकराला."

"अकराला इथं घरात मांजरं असतात फक्त! आलं कोण मग?"

"गाडीवाले," तो हळूच म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापलंत तुम्ही. मी निदान कागदच कापला."

दुसरा कुणी असता तर रागावून गेला असता. हा स्टूल ओढून बसला. "मग माप कसं घ्यायचं, ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवलेला नकाशा दुकानाच्या भिंतीवर लागला, बोळ हातानं काढून. दोऱ्याची कल्पना तिची. कामावरून परतणाऱ्या प्रत्येकानं आपल्या वाटेवर लाल दोरा लावायचा. नियम त्याचा: रोजची वाट असेल तरच. परिचारिका आल्या, झाडूवाल्या आल्या, शाळेतल्या स्वयंपाकीणबाई आल्या. तो तोंडात टाचण्या धरून उभा असायचा.

"काढा त्या! गिळाल एखादी."

"तुम्ही धरता की."

"माझा दहा वर्षांचा सराव आहे. आणि तुम्ही बोलता फार..."

दोरा देता-घेताना बोटं लागायची. दोघांनाही हात मागे घ्यायची घाई नसायची. पाच वाजले की ती पुन्हा केस विंचरू लागली, आणि स्वतःवरच चिडू लागली.

बाराव्या दिवशी त्याचे साहेब आले. बोळावर दोऱ्यांचा लालभडक जाड पट्टा पाहून म्हणाले, "एवढी माणसं? पण वळसा घालून जाता येईल ना?"

"चला की माझ्याबरोबर," आई म्हणाली आणि काठी घेऊन निघालीसुद्धा. अर्ध्या रस्त्यात आईआधी साहेबच कठड्यावर टेकले.

भिंत रद्द झाली. वाहनतळ पलीकडे गेला, बोळाला दिवा आणि धरायला कठडा मंजूर झाला. वस्तीभर आनंद... आणि हिला मात्र एकच प्रश्न. काम संपलं, आता हा कशाला येईल?

तरी आणखी आठवडाभर तो येत राहिला. कधी टाचण्या मोजायला, कधी उगाच चहाला. आणि एका संध्याकाळी म्हणाला, "नकाशा न्यायला सांगितलाय."

"न्या," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. सुईखालची शिवण वाकडी चालली होती.

"एक दोरा राहिलाय पण."

"रोजची वाट असेल तरच. नियम तुमचाच."

त्यानं बसथांब्यापाशी टाचणी लावली. दोरा बोळातून आणला, तिच्या दुकानाशी आणला... आणि थांबला.

"पुढे?" ती उठून जवळ आली होती.

"पुढे नाही. मी इथंच येतो. काम आठवड्यापूर्वीच संपलं, तरी पाय इकडेच वळतात... मला तुम्ही आवडता. रोज यावंसं वाटतं. तुमची हरकत नसेल तर."

तिनं त्याच्या हातातली टाचणी घेतली आणि दोऱ्याचं टोक आपल्या दुकानावर स्वतः टोचलं. टाचणी जागेवर बसली.

आतून आईचा आवाज आला, "रोजच यायचं ठरलं असेल, तर साखर किती ते एकदाच सांगून ठेवा बाबा!"

तो तोंड उघडणार, एवढ्यात तिच्याच तोंडून निघून गेलं, "दोन चमचे."