देवाला सोडलेलं संत्रं

"बसा मॅडम, बसा. मी राहतो उभा."

अकोल्याहून अमरावतीला जाणारी शनिवारची सकाळची एसटी. आषाढी एकादशी होऊन दोन-तीन दिवस झालेले. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पुस्तकं धरून मी कशीबशी उभी होते, आणि तो उंच, सावळा मुलगा चटकन उठला. उठताना त्याच्या मांडीवरच्या कागदाच्या चिठ्ठ्या खाली सांडल्या. दोघंही वाकलो. एक माझ्या हाती आली. वर इंग्रजीत 'गिव्ह अप', खाली मराठीत 'हार मानणे'.

दर शनिवारी मी अमरावतीच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. राहवेना.

"एवढाच अर्थ लिहिलात?"

"अजून आहे का?"

"आत्ता तुम्ही जागा दिलीत ना मला... तेही गिव्ह अपच."

"म्हणजे मी हारलो नाई, नुसता उठलो!" तो हसला.

त्याचं नाव निळकंठ. मोर्शीकडचा, घरी संत्र्याचा बगीचा. आठवडाभर अकोल्यात एका रोपवाटिकेत कामाला, शनिवारी गावाला. ते दोन हजार सहाचं साल. वऱ्हाडात तेव्हा जो तो शेतीतून बाहेर पडायची वाट शोधत होता, आणि ती वाट इंग्रजीतूनच जाते असं सगळ्यांना वाटे. निळकंठनंही पुण्याच्या एका कंपनीत अर्ज टाकला होता.

मग दर शनिवारी तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवू लागला. माझा जप बसमध्येच व्हायचा. माळ संपेपर्यंत तो चकार शब्द बोलत नसे. माळ पिशवीत गेली, की चिठ्ठी बाहेर.

"आज कोणता अर्थ?"

"सवय मोडणं. माणूस बिडी सोडतो तसं. यालाच क्विटही म्हणतात."

"आन् पोलिसाच्या सोताहून हाती लागणं?"

"सरेंडर."

"मले लागू आहे थो," तो खिडकीबाहेर बघत पुटपुटला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं... पण कान तापले होते.

पुढच्या सीटवर मनकर्णाबाई असायच्या. बडनेऱ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या. त्या मान वळवून म्हणाल्या, "काय रे पोरा, येका शब्दाले किती शनिवार लावतं?"

"मावशी, शब्दच मोठा आहे."

श्रावणात मी त्याला आणखी एक अर्थ सांगितला. आवडती गोष्ट देवासाठी सोडणं. रिनाउन्स म्हणा, आपल्याकडे चातुर्मासाचा नेम म्हणा.

"मंग तुमी काय सोडलं?"

"सांगायचं नसतं. नेम बोलून दाखवला की तो देवाचा राहत नाही, असं आई म्हणते."

"चहा? नाई, मुर्तिजापूरले तर पेता तुमी. वांगे?"

"वांगी मला तशीही आवडत नाहीत."

"म्हणजे आवडते थेच सोडलं!" तो म्हणाला. "लयच कडक देव आहे तुमचा."

ऑक्टोबर लागला आणि घोळ झाला. एका शनिवारी त्यानं खिशातून दोन संत्री काढली. हिरवट पिवळी, देठाला एकेक पान. "बगीच्यातले पहिले. आईनं आधी देवाले ठेवले, मंग रविवारी येतानी मले देले. तुमच्यासाठी."

वासानंच जीव गलबलला. कारण त्या वर्षी मी संत्रीच तर सोडली होती.

"नंतर खाईन," मी म्हटलं, आणि तो तिकिटाचे सुटे घ्यायला वळला तशी दोन्ही मनकर्णाबाईंच्या ओटीत घातली. त्यांनी तिथंच सोलून खाल्ली. बसभर घमघमाट. निळकंठ सालींकडे बघत राहिला.

दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्याला त्यानं एक संत्रं स्वतः सोललं, शिरा काढल्या, फोड पुढे केली. मी मान आडवी हलवली. त्याचा हात तसाच हवेत... मग खाली आला.

चौथ्या शनिवारी संत्री नव्हती. माळ संपली तरी चिठ्ठी त्याच्या मुठीतच. बोरगाव गेलं, मुर्तिजापूर गेलं.

"मॅडम, येखाद्या माणसाची आशा सोडणं. त्याले काय म्हणतात?"

"तेही गिव्ह अपच," मी म्हटलं. "कोणाची आशा?"

"पुण्याचं पत्र आलं. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी हो का नाई सांगाचं आहे. आई म्हणते जाऊ नोको, बगीचा आपून दोघं पाहू. पन मले आता..." त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. "येथं कोनाले माहं देलेलं चालत नाई."

ओठांवर आलं होतं हो, की अरे वेड्या, चालतं, फार चालतं! पण कार्तिकी द्वादशीला, नेम सुटायला, अजून पाच दिवस होते. चार महिने सांभाळलेला नेम.

"पुढच्या शनिवारी या बसला या," मी एवढंच म्हणाले. "पुण्याला त्यानंतर कळवा."

"काहून?"

"सांगता येत नाही. पण याच."

तो आठवडा कसा गेला ते तुळशीला ठाऊक. द्वादशीला पाच संत्री देवापुढे ठेवून दान केली, नेम सुटला. आई म्हणाली, खा आता. मी म्हटलं, शनिवारी खाईन.

शनिवारी बसस्टँडवर तो नव्हता. खिडकीची जागा रिकामी. माळ हातात घेतली, तर मणी चुकू लागले. कंडक्टरनं घंटी दिली, बस हलली... आणि मनकर्णाबाई ओरडल्या, "थांबव रे बापू! थ्यो पाय, पोट्टा पयत येऊन राह्यला!"

तो धापा टाकत चढला. मागच्या रांगेत जाऊन बसला, एकटाच. मी उठले. भरल्या बसमधून दांड्या धरत त्याच्यापर्यंत गेले.

"संत्रं आहे?"

त्यानं वर पाहिलं. "तुमाले तर चालत नाई."

"आहे का, ते सांगा."

पिशवीत हात घालून त्यानं एक काढलं. साल सुरकुतलेली, पान वाळून गेलेलं. "मांगच्या शनिवारचं आहे. आनलं होतं... देलं नाई."

मी त्याच्या शेजारी बसले. साल काढली. मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिली फोड तोंडात टाकली. चार महिन्यांनी! डोळ्यांत पाणीच आलं.

तिकडून मनकर्णाबाईंचा आवाज, "अवं बाई, तुले आवडते तं मले काहून चारत होती?"

"चातुर्मास होता, मावशी. परवा सुटला."

क्षणभर तो माझ्या तोंडाकडे, मग हातातल्या सालीकडे बघत बसला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हात्तेरी! आन् मी समजून राह्यलो, का मलेच सोडलं!"

"सगळ्यात आवडीचंच सोडायचं असतं. तुम्हीच म्हणाला होतात."

तो इतका मोठ्यानं हसला, की पुढची माणसं वळून बघू लागली. खूप दिवसांनी श्वास घ्यावा तसं हसणं.

"मंग पुण्याले नाई कळवतो. बगीचा मी सोडत नाई." जरा थांबून, एकदम हळू आवाजात, "आईले घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

मी दुसरी फोड खाल्ली. तोंडात बी होती, बोलता येईना. नुसती मान हलवली. या वेळी उभी.

त्यानं बी घ्यायला तळहात पुढे केला.