डोहातले मासे गेले कुठे?

"बाबा रजेवर आले की मला गळ टाकायला शिकवणारेत. आन् डोहात मासाच न्हाई," राजेश्वरी रडवेली होऊन म्हणाली.

सुट्टीला सांगलीहून आलेला आतेभाऊ साईराज आणि शेजारची दीपमाला तिच्यासोबत कृष्णाकाठी तळ ठोकून होते. पण कणकेच्या गोळीला मासा तोंड लावेल तर शपथ.

"गेल्या पावसाळ्यात टेम्पोभर पिल्लं सोडली हुती की," दीपमाला म्हणाली. "कुणीतरी चोरली असणार. सरपंचांकडं त्या दिवसाचा व्हिडिओ हाय, बगूया."

सरपंच हंबीरराव फोन कुणाच्या हाती देतील ही आशाच नको. पण साईराज पक्का बेरकी. "काका, त्या दिवशीच्या तुमच्या सत्काराचं झकास रील करून देऊ का?" म्हणताच फोन आपसूक पुढे आला.

व्हिडिओत मांडवाबाहेर पिल्लांनी भरलेल्या पिशव्या पावसाच्या उघडिपीतल्या कडक उन्हात पडल्या होत्या. आत पाहुण्यांची वाट पाहणं, शाली, नारळ, भाषणं. मग फोटोसाठी सगळ्यांनी पिशव्या फोडून थेट नदीत ओतल्या. टाळ्या पडल्या. आणि त्यांच्यामागे पांढरी पोटं वर करून पिल्लं वाहत चालली होती.

साईराजचा चेहरा पडला. "आम्ही घरच्या टाकीत नवा मासा सोडताना पिशवी आधी तशीच पाण्यात तरंगत ठेवतो. तापलेल्या पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकलं की मासा मरतो."

चोर कुणी नव्हताच. संध्याकाळी पारावर मुलांनी तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, तेव्हा हंबीररावांनी मान खाली घातली.

"कितींदा बगितला आसंल म्या ह्यो. दर खेपंला सोतालाच बगत हुतो. शाबास रं पोरांनो, डोळं उगडलंसा. औंदा पिशव्या आदी पाण्यात ठिवू."

"औंदा कुठली पिल्लं आन् कुठलं माशांचं बीज?" राजेश्वरीचे आजोबा लालासाहेब म्हणाले. "पिल्लं देणाऱ्या सरकारी केंद्रानं कपात केलीया. आपल्या गावाला दिलेलं त्ये शेवटचंच हुतं."

सगळे राजेश्वरीची पाठ थोपटत होते. तिला ते कौतुक नकोसं झालं होतं. तेवढ्यात आजोबांच्या फोनवर बाबा आले.

"राजे, गाडीत बसलो बग. मासं लागत्यात का गं?"

"तुमी या आदी," ती कशीबशी म्हणाली, आणि फोन आजोबांच्या हातात देऊन हमसून हमसून रडू लागली.