चार बोटांचं अंतर

घड्याळजी सकाळी कांद्याच्या रोपांना पाणी घालायला परसात गेला आणि जागीच थबकला. काल संध्याकाळी त्यानं दाटीवाटीनं खोचलेली रोपं आज सरळ ओळीत उभी होती. दोन रोपांत बरोबर चार बोटांचं अंतर. चार बोटं हे त्याच्या बायकोचं माप, आणि ती जाऊन आठ महिने झाले होते.

दुसरा कुणी असता तर बोंब ठोकत पळाला असता. हा पठ्ठ्या वाफ्याच्या कडेला मटकन बसला, ढसाढसा रडला आणि मग हसायलाच लागला.

"आलीस होय गं? आणि आल्या आल्या चुका काढल्यास?"

बाग सगळी तिचीच. हा जन्मभर भिंगातून केसाएवढे काटे बसवणारा. मातीत हात घालायचा म्हटलं की नाक मुरडायचा. खिडकीत चहा पीत "वेल जरा डावीकडे घे" म्हणून सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! ती गेल्यावर ओसाड वाफे बघवेनात, म्हणून त्यानं तिचे बियांचे डबे काढले आणि जमेल तसं पेरत सुटला.

आता मात्र त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळं नीट केलं तर ती येईल कशाला? मग गडी मुद्दाम चुकायला लागला. उन्हाळ्यात काकडीचा वेल जमिनीवर लोळू दिला; सकाळी बघतो तर वेल मांडवावर. पावसाळ्यात घेवड्याच्या मुळाशी पाणी तुंबू दिलं. सकाळी शेजारी चर खणलेला. थंडीत गाजरं विरळ केलीच नाहीत. सकाळी जास्तीची उपटून, धुऊन पायरीवर ठेवलेली. कधी पाऊल दिसलं नाही की चाहूल लागली नाही. फक्त ओल्या मातीचा वास यायचा, तोही बागेत नाही, घरात... त्याच्या उशाशी.

भाजी एवढी आली की शेजारी त्याला बघून दारं लावायला लागले. "नको बाबा, आणखी काकड्या नकोत!" घड्याळजीचे गाल वर आले. तो शीळ घालत फिरायचा.

एका रविवारी लेक आली. बाग बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"बाबा, हे तुम्ही केलंत? तुम्हाला मुळ्याचा पाला कुठला आणि गाजराचा कुठला, ते कळत नाही!"

"अगं, शिकवणारी चांगली आहे."

"कोण?"

"...तुझी आई."

लेकीनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग डोळे पुसत म्हणाली, "पुरे झालं एकटं राहणं. उद्याच माझ्याकडे चला."

घड्याळजीनं बागेकडे बघितलं. गेलो तर ही इथं एकटी पडणार! तो वाफ्यात उभा राहून ठणकावून म्हणाला, "मी हलणार नाही. आता तिला सोडून कुठ्ठे जायचं नाही."

वारा नव्हता. तरी घेवड्याचं एकेक पान हललं...

लेक हिरमुसून एकटीच परत गेली. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी एक नवा वाफा खणलेला होता. लांबट, खोल, कडा चोपून बसवलेल्या. भोपळ्यासाठी असेल, असं म्हणत त्यानं टेप लावली. पाच फूट चार इंच. त्याची उंची तेवढीच होती.

जागा मात्र दिवसभर उन्हाची निवडली होती. याला थंडी सोसत नाही, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत? त्याला एकदम भरून आलं आणि हातपायही गार पडले.

"येईन की गं..." तो हळूच म्हणाला. "पण एवढी घाई कशाला? वांगी तरी होऊ देत. अजून लिंबाएवढीच आहेत..."

तो दिवस मजेत गेला. झोपही छान लागली.

सकाळी त्यानं मागचं दार उघडलं. पायरीवर वांगी मांडलेली होती. सगळ्या झाडांची. लिंबाएवढी, बोराएवढी, नुकती फुलातून डोकावलेलीसुद्धा. झाडावर एकही शिल्लक नव्हतं.

नुकतीच धुतलेली असावीत. पाणी अजून निथळत होतं.