मागच्या सीटवरची मुलगी

तुम्ही मघाशी विचारलंत ना, नातीचा एवढा लळा आहे, मग सुट्टीत तिला घेऊन कुठं जात का नाही? बसा. दिवा राहू द्या तसाच, एवढा उजेड पुरे. मला शब्द जुळवून बोलता येत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

मी आयुष्यभर गोदामात पोती वाहिली. शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे डोक्यापेक्षा खांद्यानंच जास्त काम केलं. पोती सुटल्यावर त्या खांद्याला घरात एकच काम उरलं, झोपलेली मुलं उचलणं. आमच्या घरची रीतच तशी. गाडीत मूल झोपलं तर त्याला उठवायचं नाही. हाक मारायची नाही, दिवा लावायचा नाही. अलगद उचलायचं, गादीवर ठेवायचं आणि मग चपला काढायच्या. माझा मुलगा असाच वाढला. त्याची मुलंही तशीच. तो माझी चेष्टा करायचा, "आमचे बाबा म्हणजे फुकटची हमाली. माल फुटत नाही, सांडत नाही आणि उठतही नाही."

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. साखरेचा डबा कुठंही लपवा, ती शोधून काढायची. तिच्या पाठीवरचा ढब्बू तेव्हा नुकता बसायला लागला होता. मुंगीचा वाढदिवस नेमका सुट्टीत येतो. मैत्रिणी सगळ्या बाहेरगावी, केक खायला घरचेच. दरवर्षी ती रडायची. पाचव्या वाढदिवसाला मुलगा म्हणाला, "चला, या वेळी आपणच बाहेरगावी जाऊ." तळ्याकाठी एक घर त्यानं भाड्यानं घेतलं. दुमजली, एकटंच. शेजारी फक्त राखणदार बाईची खोली.

पोहोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. गाडी उतारावर थांबली. खाली तळं होतं, पण दिसत नव्हतं. नुसता वास येत होता, पाण्याचा आणि कुजक्या पानांचा. ढब्बूनं रडून आकांत मांडला होता, म्हणून सूनबाई त्याला घेऊन तशीच आत धावली. मुलगा दूध मागायला बाईंच्या खोलीकडे गेला. माझे पाय आखडले होते. नळावर हात-तोंड धुतलं, जरा चाललो. तेवढ्यात दारातून सूनबाईचा दबका आवाज आला.

"बाबा, मुंगी झोपलीय मागं. तेवढी आणाल?"

मी मागचं दार उघडलं. अंधारात सीटवर माझी शाल पसरली होती आणि शालीखाली मूल होतं, अंगाचं मुटकुळं करून. मी शालीसकट उचललं. डोकं खांद्यावर आलं, हात मानेभोवती आले. पाय गार लागले. वाटलं, खिडकी उघडी राहिली असेल. शालीला ओल्या मातीचा वास येत होता. वाटलं, तळ्याचाच असेल. माणूस काय, वाटून घेतो.

जिना चढून वरच्या खोलीत गेलो. दिवा लावला नाही. गादीवर ठेवलं, पांघरूण घातलं. चपला काढायला गेलो तर पाय अनवाणी. उठू लागलो तर तिनं माझं बोट धरलेलं. मुंगीला सवयच आहे ती. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं बोट सुटलं.

खाली आलो, तर समोरून मुलगा येत होता. एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हाताला मुंगी.

"आजोबा, मी झोपलेच नव्हते!" ती म्हणाली. "डोळे मिटून फसवत होते. मग बाबांबरोबर पळाले!"

"अगं बाई," सूनबाई हसली. "मी तुला झोपलीस समजून बाबांना उचलायला सांगितलं की. बाबा, मग रिकामेच परत आलात?"

मी पुन्हा वर गेलो आणि या खेपेला दिवा लावला. पांघरूण मी घातलं होतं तसंच होतं, कडा खोचलेल्या. खाली कुणी नव्हतं. उशी मात्र ओली होती. हात लावून पाहिलं. पिळली असती तर पाणी निघालं असतं.

सकाळी वाढदिवस. मुंगी नवा फ्रॉक घालून जिन्यावरून उड्या मारत खाली आली.

"चूळ भरलीस का?" सूनबाईनं विचारलं.

"भरली. आई, तिचा पण आज वाढदिवस आहे."

"कुणाचा गं?"

"वरच्या मुलीचा. आजोबांनी काल आणली ना, तिचा."

मुलगा हसून म्हणाला, "घ्या! बाबा, आणखी एक नात केलीत आणि आम्हाला पत्ता नाही."

सूनबाईही हसली. म्हणाली, मुलं एकटी पडली की मनानं मैत्रिणी तयार करतात, तिच्या शाळेच्या बाईंनीच सांगितलंय. मी चहाचा कप उचलला. तसाच परत खाली ठेवला.

राखणदार बाई दूध घेऊन आल्या तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. त्यांनी वरच्या खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ... काल कुणाला उचलून आत नेलंत का?"

मी मान डोलावली.

त्या माझ्याशेजारी बसल्या. इकडचं-तिकडचं काही नाही, सरळ सांगितलं. पूर्वी एक कुटुंब आलं होतं, आमच्यासारखंच. संध्याकाळची वेळ, सामान फार, माणसं दमलेली. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. आईला वाटलं बापानं आत नेली, बापाला वाटलं काकानं, काकाला वाटलं आजीनं. गाडी उतारावर होती. ब्रेक धरला नाही.

"तळ्यातून गाडी काढली दुसऱ्या दिवशी," बाई म्हणाल्या. "ती अजून वाट बघते, कुणी उचलून आत न्यावं म्हणून. पण आत आली की तिला राहावंसं वाटतं. आणि राहायला जागा लागते, भाऊ... कुणाची तरी."

"मग करायचं काय?"

"ज्यानं आणली, त्यानंच उचलून परत न्यायची. पाण्यापर्यंत. दुसऱ्या कुणाकडं ती येत नाही." जाता जाता त्या थांबल्या. "आणि निघताना घाई करू नका. नेताय ती तुमचीच आहे ना, नीट बघा."

मी मुलाला बाजूला घेतलं. म्हटलं, आत्ता निघू या.

"वाढदिवसाच्या दिवशी? ती घर डोक्यावर घेईल. बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे," म्हटलं.

दुपारी केक कापला. मुंगीनं फुंकर मारण्याआधीच मेणबत्त्या विझल्या. सगळ्या एकदम. मुलगा म्हणाला वारा आला. दारं-खिडक्या बंद होत्या, ढब्बूला सर्दी होती म्हणून. मुंगीनं केकचा एक तुकडा बशीत घेतला आणि वर नेऊन ठेवला. नंतर सूनबाई बशी खाली घेऊन आली ती कुरकुरतच. "हिनं केकवर पाणी ओतलंय बघा. सगळा लगदा."

मग मुंगी बापाबरोबर तळ्यात डुंबून आली. केस ओले, ओठ निळे. मी टॉवेलनं डोकं पुसायला घेतलं. तिचं अंग कधी नव्हे एवढं गार लागलं. नेहमी टॉवेलात गुदगुल्या होऊन ओरडणारी पोर, गप्प उभी होती.

"काय गं, काय खेळता तुम्ही वर?"

"अदलाबदल."

"म्हणजे कसं?"

"ती माझ्या जागेवर झोपणार, मी तिच्या."

"तिची जागा कुठं आहे, बाळ?"

तिनं खिडकीतून खाली बोट दाखवलं, पाण्याकडं.

"तिथं थंड असेल ना..."

"ती म्हणते, सवय होते." मग माझा हात बाजूला करून म्हणाली, "आजोबा, आज मला नका उचलू. आज तिची पाळी आहे."

 मी टॉवेल तिच्याभोवती घट्ट गुंडाळला.

सूनबाईनं तिला वर झोपवलं आणि पडदे ओढले. सगळं घर जेवून सुस्तावलं होतं. मी जिना चढलो. बाहेर लख्ख ऊन, पण खोलीत जाड पडद्यांमुळं काळोख. डोळ्यांना नीट दिसेना. पांघरुणाखाली दोन उंचवटे होते, एक भिंतीकडं, एक अलीकडं. दोन्ही पालथे, दोन्ही लहान. मी हातानं चाचपलं. दोन्ही डोक्यांचे केस ओले. दोघींचा श्वास ऐकू येत नव्हता.

पडदा उघडला असता तर? पुष्कळदा वाटतं. पण झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर उजेड पाडायचा नाही, ही हाताला लागलेली सवय. हात पडद्याकडं गेलाच नाही. अलीकडची जास्त गार लागली. मी तिच्या काखेत हात घातले.

"चल बाळ," म्हटलं. "उचलतो."

ती आली. मानेभोवती हात आले, खांद्यावर गाल आला. जिना उतरलो. व्हरांड्यात उन्हात आलो आणि पाहिलं, तर माझ्या हातांत कुणीच नव्हतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, खांद्याला मात्र सगळं कळत होतं. पुरतं वजन होतं.

मुलगा खुर्चीत पेंगत होता. एक डोळा उघडून म्हणाला, "बाबा, हात असे काय धरलेत? पाठीत चमक भरली का?"

"हो."

"मग पडा ना जरा. उन्हात कुठं निघालात?"

मी उतार उतरलो. पाण्याशी वाकलो आणि तिला खाली ठेवू लागलो, तर ती सोडेना. बोटं मानेत रुतली. कानाशी ओल्या कापडातून यावा तसा आवाज आला.

"आजोबा... घरी."

मला वाटलं, ती त्या घराबद्दल बोलतेय. मी तिला आणलं होतं, त्या घराबद्दल. कुणाचंही झालं तरी लेकरूच ते. म्हटलं, "आई येईल हं. आत्ता येईल." आणि एकेक बोट सोडवलं. पाण्यावर लहानसं वर्तुळ उठलं, ते मोठं होत काठाला लागलं आणि मग पाणी स्थिर झालं.

परत वर गेलो, तर मुंगी गादीवर उठून बसली होती. पडदे उघडलेले. केस कोरडे. गालांवर रंग.

"आजोबा, भूक लागली," ती म्हणाली.

मी तिला पोटाशी धरलं आणि एवढा रडलो, की सूनबाई घाबरून धावत आली. अंग उबदार होतं मुंगीचं. निघताना बाईंचं बोलणं आठवून मी तिला नीट पाहिलंही. कानामागचा तीळ, गुडघ्यावरचा व्रण, पुढचा किडका दात, सगळं जागच्या जागी होतं. गाडीत बसवून मी स्वतः दार लावलं. बाई त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मुंगीकडं पाहिलं आणि निरोपाला हात न हलवताच आत गेल्या.

झालं ते एवढंच. पुढं सगळं बरं चाललं. मुंगी आता नऊ वर्षांची आहे. शहाणी आहे, अभ्यासात पुढं आहे, ढब्बूला जीव लावते. साखर मात्र खात नाही. तिची आई म्हणते, वय वाढलं की आवडी बदलतात. बदलतही असतील.

पण त्या दिवसापासून ती गाडीत झोपत नाही. कितीही लांबचा प्रवास असो, कितीही दमलेली असो. म्हणून आम्हीच फारसं कुठं जात नाही. मागच्या महिन्यात तिच्या मामाकडून परतत होतो. पुढं मुलगा आणि सूनबाई, माझ्या मांडीवर ढब्बू घोरत होता आणि शेजारी मुंगी. तिचे डोळे लाल झाले होते. झोप येऊ नये म्हणून स्वतःच्या दंडाला चिमटे काढत होती. दंड काळानिळा झालेला. मला बघवेना.

"झोप गं राणी," मी म्हटलं. "मी आहे ना उचलायला. अजून जोर आहे खांद्यात."

ती माझ्याकडं सरकली. पुढं ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी येऊन अगदी मायेनं म्हणाली, "म्हणूनच नाही झोपत, आजोबा. तुम्ही उचललंत... की तुम्हाला कळेल."

मी घर येईपर्यंत तिचा हात हातात धरून बसलो. सोडून कसा द्यायचा? तिनंही घट्ट धरला होता.

आता पुरे. जाताना ते आतलं दार ढकलून बघू नका. जागीच असते ती.